नागपूरच्या व्हीएनआयटीला ज्यांचे नाव आहे: सर विश्वेश्वरय्या

तुमच्या मुलाला किंवा मुलीला पाणलोट विकासाच्या किंवा पर्यावरण परवानगीच्या कामात जायचे असेल, तर शिक्षण कोणते घ्यावे हा प्रश्न घरात येतोच. आज त्यासाठी सिव्हिल, कृषी अभियांत्रिकी (मृद व जलसंधारण) किंवा पर्यावरणशास्त्र हे सरळ मार्ग आहेत. नागपूरच्या व्हीएनआयटीला ज्यांचे नाव दिले आहे, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा मार्ग मात्र इतका सरळ नव्हता.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळूरला 1881 मध्ये बी.ए. केले. मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापत्य शिकले आणि 1883 मध्ये पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, खानदेश अशा नेमणुका झाल्या.

पदवीने त्यांना नोकरी दिली. पाण्याचे खरे शिक्षण झाले ते शेतकऱ्यांच्या चारीवर.

नीरा कालव्यावर ऊसवाले हवे तसे पाणी घेत. जमिनी चिबड होत होत्या आणि फायदा थोड्याच गावांना मिळत होता. 1899 मध्ये त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटात साधारण एक तृतीयांश क्षेत्रावरच ऊस घ्यायचा, बाकीच्यावर कमी पाण्याची पिके घ्यायची आणि फेरपालट करायची. विरोध झालाच, मुबलक पाण्याची सवय कोण सोडतो? पण पद्धत टिकली.

1908 मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबईची नोकरी सोडून मोकळे झाले होते. निजाम सरकारने त्यांना बोलावले. त्यांनी शहराच्या भिंतींपाशी न थांबता नदीचे वरचे पाणलोट क्षेत्र तपासले. तिथे शेकडो लहान तलाव होते आणि अतिवृष्टीत त्यांतले कितीतरी फुटले होते. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर येते. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांच्या पाळी बघणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. शहराच्या वर धरणे बांधून पूर अडवावा, हा त्यांचा सल्ला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले आणि हैदराबादला पिण्याचे पाणीही तिथूनच मिळू लागले.