मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ

नाताळच्या या पर्वकाळी एका ख्रिस्तभक्ताचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

विल्यम बूथ यांचा जन्म १८२९ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे झाला. दारिद्र्यामुळे बालवयातच ते गहाणवटीच्या दुकानी उमेदवार राहिले. गरिबांची वस्त्रे गहाण पडताना त्यांनी तेथेच पाहिली. पुढे ते धर्मोपदेशक झाले व १८६५ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात आले.

दारूचे गुत्ते, चोऱ्या आणि मारामाऱ्या यांनी ती वस्ती ग्रासलेली होती. बूथ गुत्त्यासमोरच उपदेशास उभे राहत. पुढे जुन्या वखारीत सभा भरू लागल्या, तेव्हा खिडक्यांतून दगड व पेटते फटाके येत. रात्री ते फाटक्या वस्त्रांनिशी, जखमेवर पट्टी बांधून घरी परतत. पत्नी कॅथरीन स्वतः उपदेशिका. तिने त्यांस मागे ओढले नाही. पुन्हा पाऊल त्याच गल्लीत!

१८७८ मध्ये त्यांच्या कार्यास मुक्तिफौज हे नाव मिळाले. १८८२ या एकाच वर्षी सहाशेहून अधिक सेवकांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ही फौज मुंबईस उतरली. बूथ यांनी भुकेल्यांस अन्न व बेघरांस निवारा दिला. कित्येक मद्यपी सुधारून त्यांचेच सेवक झाले. १९१२ साली ते निवर्तले.

स्वच्छ सभामंडपात देवाचे नाव घेणे सोपे. जेथे दगड पडतात तेथे ते उद्याही घ्यावयाचे, हीच निष्ठेची कसोटी, असे आम्ही समजतो.