हरपलेला गळा, गवसलेली लय

जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांच्या स्वराचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. शिष्यांच्या गाण्यावरूनच त्यांच्या गाण्याचा अंदाज बांधावा लागतो.

१८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे धृपदियांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. काका जहांगीर खाँ यांच्याकडे त्यांनी धृपद आणि खयालाची खडतर तालीम घेतली. पुढे आमलेटा संस्थानात अतिगायनाने आवाज बसला आणि पूर्वीचा गोडवा पुन्हा परतला नाही. गवयाच्या बाबतीत याहून मोठा घात तो कोणता? मात्र त्यांनी गाणे सोडले नाही. उरलेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी घडवली, असे जाणकार मानतात.

या गायकीचे मर्म स्वर आणि लय यांच्या विणीत आहे. खयालात आलाप ठेक्यापासून बराचसा अलिप्त विहरतो आणि मुखडा घेऊन समेवर येतो, असा अनुभव अनेकदा येतो. खाँसाहेबांच्या परंपरेत दोन मात्रांमधला अवकाशही तोललेला असतो. आकारातली प्रत्येक स्वरावली त्या वजनावर पाऊल टाकत सरकते. त्यामुळे सम श्रोत्यावर येऊन आदळत नाही, ती दुरूनच दिसू लागते. एकच गंधार मात्रेवर ठेवला तर ठाम वाटतो, मात्रा ओलांडून किंचित पुढे ठेवला तर अधांतरी. स्वर तोच, कानाला मात्र तो निराळा भासतो. बसंती केदारसारखे जोडराग या घराण्याला मानवले, त्यामागेही हा तोल असावा: लयीचा धागा पक्का असला की दोन रागांची ये-जा विस्कळीत होत नाही.

१८९५च्या सुमारास ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि ही विद्या महाराष्ट्रात रुजली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी ती आपापल्या प्रकृतीनुसार आत्मसात केली. महाराजांच्या निधनानंतर, १९२२ साली, खाँसाहेबांनी मुंबई गाठली. १९३७मध्ये कर्तबगार पुत्र मंजी खाँ गेले. मल्लिकार्जुन मन्सूर यांची अर्धवट राहिलेली तालीम मग धाकटे बंधू भुर्जी खाँ यांनी पुढे चालवली.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत अल्लादिया खाँ निवर्तले. त्यानंतर एकतीस वर्षांनी केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली.