सौ. आनंदीबाई जोशी यांचा बंगाल्यांतील वास

बदलीवर आलेल्या नोकरदारांचीं मुलें दरवर्षीं आमच्या वर्गांत दाखल होतात. त्यांना हें चरित्र परकें वाटणार नाहीं. टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्यामागें आनंदीबाईंनीं कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज असा संसार हालविला व १८८१ सालीं उभयतां कलकत्त्यास आलीं.

तेव्हां बाईंचें वय सोळा वर्षांचें. दहा दिवसांचें मूल दगावल्याचें दुःख मनांत होतें, व वैद्यक शिकण्याचा निश्चय त्यांतूनच झाला होता. बंगालची हवा त्यांस मानवली नाहीं. ताप व डोकेदुखी यांनीं त्या बेजार झाल्या. पडदा पाळणाऱ्या त्या प्रांतांत पतीबरोबर उघड चालणाऱ्या स्त्रीकडे लोक टक लावून पाहत. गोपाळरावांचा अभ्यासाचा तगादा मात्र सुटला नाहीं, आणि तो कधीं कधीं क्रौर्याच्या सीमेस पोहोंचे, हें आम्हांस लपवितां येत नाहीं.

आम्ही मिशनच्या शाळांत वाढलों, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणें भाग आहे. १८७८ सालीं गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहिलें. उत्तरांत ख्रिस्ती होण्याचा आग्रह होता. दांपत्यानें तो मानिला नाहीं. विद्येस अशी अट घालणें आमच्या मतें अनुचितच होतें. परंतु तीच पत्रें मासिकांत वाचून न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनीं कोणतीहि अट न घालतां आपलें घर देऊं केलें.

पुढें श्रीरामपुरास बदली झाली. तेथील केरीसाहेबांच्या कॉलेजांत (मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापणारे तेच हे केरी) २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बाईंनीं इंग्रजींत भाषण करून अमेरिकेस जाण्याचें कारण सांगितलें, व आपण हिंदुधर्म सोडणार नाहीं हेंहि बजावलें.

७ एप्रिल रोजीं त्या मिशनरी बायांच्या सोबतीनें कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. गोपाळराव मागें राहिले. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेंत, पोकीप्सी येथें, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत आहे.