यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर

मुलांनो, शाळेच्या मैदानावर तुम्ही क्रिकेट खेळता. खेळ सुरू होण्यापूर्वी काय होते, ते आठवा. पहिली फलंदाजी कोणी करायची, यावरून भांडण होते. गोलंदाजी करायलाही सगळे पुढे येतात. पण विकेटकीपर कोण होणार, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. चेंडू लागतो, बोटे दुखतात, उठाबशा काढून पाय भरून येतात आणि टाळ्या मात्र दुसऱ्यालाच मिळतात!

विकेटकीपरला मराठीत यष्टिरक्षक म्हणतात. यष्टी म्हणजे स्टंप आणि रक्षक म्हणजे राखणारा. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या एका यष्टिरक्षकाने इंग्लंडमध्ये जाऊन भारताच्या यष्टी राखल्या. त्यांचे नाव दत्ताराम धर्माजी हिंदळेकर.

हिंदळेकरांचा जन्म १ जानेवारी १९०९ रोजी रत्नागिरीत झाला. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती. कोकणातली माणसे बोटीने मुंबई गाठत आणि तिथे मिळेल ते काम करत. हिंदळेकरही मुंबईचेच झाले. त्यांनी बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केली. पगार होता महिना ८० रुपये. नोकरी सांभाळून ते मैदानावर उतरत. रणजी करंडक स्पर्धेत ते मुंबईकडून खेळले.

१९३६ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पहिला कसोटी सामना लॉर्ड्सच्या प्रसिद्ध मैदानावर होता. हिंदळेकरांचा तो पहिलाच कसोटी सामना. विजय मर्चंट यांच्याबरोबर ते सलामीला गेले. म्हणजे फलंदाजीला सर्वांच्या आधी जायचे आणि क्षेत्ररक्षणाच्या वेळी प्रत्येक चेंडूला यष्टीमागे बसायचे! त्यांनी पहिल्या डावात २६ आणि दुसऱ्या डावात १७ धावा केल्या. भारताच्या १४७ धावांना उत्तर देताना इंग्लंडचा डाव १३४ धावांत आटोपला. मोहम्मद निसार यांचे वेगवान चेंडू आणि अमरसिंग यांचे वळणारे चेंडू यष्टीमागे हिंदळेकरांनीच झेलायचे होते. तो सामना मात्र शेवटी इंग्लंडने जिंकला.

याच दौऱ्यात हिंदळेकरांच्या बोटाच्या हाडाला इजा झाली. त्यांना अंधुकही दिसू लागले. त्यामुळे मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत त्यांना खेळता आले नाही. त्यांच्या जागी मुश्ताक अली मर्चंट यांच्याबरोबर सलामीला गेले. दुसऱ्या डावात त्या दोघांनी २०३ धावांची सलामी दिली आणि दोघांनीही शतके ठोकली. क्रिकेटच्या इतिहासात ही भागीदारी अमर झाली. दुखावलेल्या बोटाची आठवण कोण ठेवतो?

नंतर दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि भारताचे कसोटी सामने थांबले. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. १९४६ साली भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान. संघात मर्चंट, हजारे, मंकड होते, मुश्ताक अली होते, आणि पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झालेले अब्दुल हफीज कारदारही होते. यष्टीमागे पुन्हा हिंदळेकर. आता त्यांचे वय ३७ होते.

या दौऱ्यातली पहिली कसोटी भारत हरला. दुसरी कसोटी मँचेस्टरला झाली. चौथ्या डावात भारतापुढे २७८ धावांचे लक्ष्य होते. अ‍ॅलेक बेडसर या गोलंदाजाने एकट्याने सात गडी बाद केले. भारताचे नऊ फलंदाज परतले, तेव्हा सामना संपायला १३ मिनिटे उरली होती. शेवटचे फलंदाज म्हणून हिंदळेकर मैदानावर आले. समोर होते रंगा सोहोनी. एक चेंडू चुकला, तर सामना गेला! फलंदाजांच्या अंगाभोवती क्षेत्ररक्षकांचे कडे पडले होते. पण दोघेही डगमगले नाहीत. घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला. वेळ संपली. भारत ९ बाद १५२. सामना अनिर्णित राहिला, पराभव टळला. सोहोनी ११ धावांवर नाबाद होते आणि हिंदळेकर ४ धावांवर.

आता थोडे गणित करू या. हिंदळेकर चार कसोटी सामने खेळले. सात डावांत त्यांनी ७१ धावा केल्या. दोन डावांत ते नाबाद राहिले, म्हणून ७१ ला ५ ने भागा. उत्तर येते १४.२०. ही त्यांची फलंदाजीची सरासरी. प्रथम श्रेणीच्या ९६ सामन्यांत त्यांनी २४३९ धावा केल्या. त्यांत १३५ धावांची एक शतकी खेळी आहे. यष्टीमागे १२८ झेल आणि ५९ यष्टिचीत, म्हणजे एकूण १८७ बळी. कसोटीचे आकडे पाहून कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? पण मँचेस्टरच्या त्या ४ धावा आठवा. तक्त्यात त्या फक्त चारच दिसतात. त्या १३ मिनिटांसाठी तक्त्यात रकानाच नाही.

त्या काळी देशासाठी खेळून पोट भरत नसे. पुढे खेळाडूंना जे पैसे आणि निवृत्तिवेतन मिळू लागले, ते हिंदळेकरांच्या वाट्याला आले नाही. ३० मार्च १९४९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ४० वर्षे. पुढे भारताचे मोठे फलंदाज म्हणून गाजलेले विजय मांजरेकर हे त्यांच्या जवळच्या नात्यातले. मांजरेकरांनी १९५१ साली कसोटी पदार्पण केले. ते पाहायला हिंदळेकर नव्हते.

मुलांनो, घरात, शाळेत, गावात अशी कितीतरी माणसे असतात. ती मागे उभी राहून सगळे सांभाळतात, म्हणून पुढच्यांना पुढे जाता येते. उद्या खेळताना विकेटकीपर कोण होणार, असा प्रश्न आला, तर हिंदळेकरांची आठवण ठेवा आणि हात वर करा.