संसार, स्फटिक आणि कॅथलीन

आमच्या ह्यांचा मुतखडा पडला तेव्हा डॉक्टरांनी तो छोट्या बाटलीत घालून तपासायला द्यायला सांगितलं. तुरीच्या डाळीएवढा खडा, पण भिंगातून पाहिला तर काटेरी आणि चकचकीत! हा आत तयार होतो तरी कसा, याचा माग काढताना मला कॅथलीन लॉन्सडेल भेटली. आणि खड्यापेक्षा तिचीच गोष्ट मनात घर करून बसली.

कॅथलीनचा जन्म १९०३ साली आयर्लंडमधल्या न्यूब्रिजचा. वडील पोस्टमास्तर, दहा भावंडांत ही शेंडेफळ. १९०८ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वरचं गणित शिकवत नसत, म्हणून या विषयांच्या तासांना ती मुलांच्या शाळेत जाऊन बसे. १९२२ साली ती पदवीला पहिली आली आणि नोबेल विजेते विल्यम हेन्री ब्रॅग यांनी तिला आपल्याकडे संशोधनाला घेतलं. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून आतली अणूंची मांडणी शोधायची, हे तिचं काम.

१९२७ मध्ये थॉमस लॉन्सडेलशी लग्न झालं. आता विज्ञान बाजूला ठेवून घर सांभाळावं, असं तिच्याही मनात आलं. पण फुकटची घरकामवाली मिळावी म्हणून आपण लग्न केलेलं नाही, असं थॉमसनेच तिला स्पष्ट सांगितलं. १९२९ मध्ये तिने बेन्झीनमधलं सहा कार्बन अणूंचं कडं सपाट असल्याचं दाखवून दिलं. त्याच वर्षी पहिली मुलगी झाली, पुढे आणखी दोन मुलं. मुलं लहान असताना ती घरी बसून हाताने आकडेमोड करायची. घरात मदतनीस ठेवता यावी म्हणून ब्रॅगनी पैशाची सोय करून दिली. त्या आकडेमोडीतून १९३६ मध्ये पुस्तक निघालं, तेही तिच्या हस्ताक्षरातच छापलेलं!

युद्धकाळात नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवायला तिने नकार दिला. ती क्वेकर पंथाची, युद्धाच्या विरोधातली. तीन मुलं असल्याने तिला सूट सहज मिळाली असती, पण तत्त्वासाठी तिने दंडही भरला नाही. १९४३ मध्ये महिनाभर तुरुंगात राहिली. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, रॉयल सोसायटीने पहिल्यांदाच दोन स्त्रियांना सदस्य केलं. त्यातली एक कॅथलीन!

आणि मग साठीच्या सुमारास ती वळली मुतखड्यांकडे. जून सूटर या सहकारी स्त्रीबरोबर तिने कितीतरी खडे तपासले. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेट सापडलं, यूरिक ॲसिड सापडलं आणि ॲपेटाइटही. हे ॲपेटाइट म्हणजे आपल्या हाडादातांच्याच जातीचं खनिज बरं का!

हाडात त्याच्या इवल्या चपट्या चकत्या प्रथिनांच्या धाग्यांच्या आधाराने बसतात. पेशी त्या सतत मोडतात आणि नव्याने बांधतात, म्हणून मोडलेलं हाड जुळतं. दाताच्या वरच्या कवचात मात्र लांब, बारीक स्फटिकांच्या जुड्या असतात. हे कवच बांधणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात, म्हणून किडलेला दात आपोआप भरत नाही. हाडादातांत असा कुणीतरी मुकादम असतो, मूत्रपिंडातल्या खड्याला नसतो. मग तो वाढतो कसा? खडीसाखर दोऱ्यावर धरते ना, तसं काहीसं. एका स्फटिकाच्या पृष्ठभागावरची अणूंची अंतरं दुसऱ्याशी जुळली, तर दुसरा त्यावर सहज वाढू शकतो, असं कॅथलीनने १९६८ मध्ये मांडलं. त्याच वर्षी ती ब्रिटिश असोसिएशनची पहिली स्त्री अध्यक्ष होती.

१ एप्रिल १९७१ रोजी ती कर्करोगाने गेली. उल्केत सापडलेल्या हिऱ्याच्या एका दुर्मीळ प्रकाराला तिच्या हयातीतच लॉन्सडेलाइट हे नाव मिळालं होतं.

ह्यांचा रिपोर्ट आला, कॅल्शियम ऑक्झलेट. आता पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. तिकडे माझी भाची लग्नानंतर पीएच.डी. सोडायच्या विचारात आहे. निर्णय तिचा, मी कोण सांगणार? पण रविवारी दोघं जेवायला येणार आहेत. कॅथलीनची गोष्ट तिला सांगेनच. थॉमसची मात्र जावईबापूंना, वाढता वाढता.