विश्लेषण : घड्याळात पाणी शिरू न देणारे हान्स विल्सडॉर्फ कोण होते? जुनी लष्करी डायव्ह घड्याळे दुरुस्त करताना ते का आठवावे लागतात?

मुळशी, ताम्हिणीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. अशा हवेत आजोबांच्या घड्याळाच्या काचेआड वाफ धरली, की ते तांदळाच्या डब्यात ठेवायचे, हा घरोघरचा उपाय. वाफ जाते, पण गंज आतच राहतो. सैन्यासाठी बनलेली, पाण्याखाली वापरलेली जुनी घड्याळे आज संग्राहक मोठी किंमत मोजून घेतात. त्यांच्या दुरुस्तीतली खरी लढाईही पाण्याशीच असते. ही लढाई बाजारात लोकप्रिय केली ती रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी. गंमत अशी, की ते स्वतः घड्याळाचे कारागीर नव्हतेच.

पोरका मुलगा घड्याळांच्या धंद्यात कसा आला?

विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील बव्हेरियाच्या कुल्मबाख गावी झाला. बारा वर्षांचे होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले. मामा-काकांनी कुटुंबाचा लोखंडी सामानाचा व्यवसाय विकला आणि मुलांना वसतिगृहाच्या शाळेत घातले. हान्स गणितात आणि भाषांत हुशार होता. १९०० साली स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फॉन या घड्याळांच्या गावात एका निर्यातदाराकडे त्याला इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायची नोकरी लागली. सोबत आणखी एक काम होते. रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि ती वेळ बरोबर दाखवतात का ते तपासायचे. घड्याळ कुठे चुकते, हे त्यांना इथे कळले.

१९०३ मध्ये ते लंडनला गेले आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिस यांच्या भागीदारीत त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्या काळी मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना समजला जाई. पुरुष खिशात घड्याळ ठेवत. मनगटावरच्या इवल्याशा यंत्राची वेळ बरोबर असेल, यावर कुणाचा विश्वास नव्हता. विल्सडॉर्फ यांनी बील गावच्या एग्लर यांच्याकडून छोटी, अचूक मशीन घेतली आणि १९०८ मध्ये रोलेक्स हे नाव नोंदवले. १९१४ मध्ये इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने त्यांच्या एका मनगटी घड्याळाला अचूकतेचे ‘अ’ वर्गाचे प्रमाणपत्र दिले. हा दर्जा तोवर जहाजांवरच्या मोठ्या घड्याळांचा मानला जाई. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनने आयात घड्याळांवर ३३.३ टक्के कर लावला आणि विल्सडॉर्फ यांनी बस्तान जिनिव्हाला हलवले.

‘ऑयस्टर’मध्ये नवे काय होते?

अचूकतेचा प्रश्न सुटला, पण धूळ आणि घाम आत जातच होते. १९२६ मध्ये आलेल्या ‘ऑयस्टर’ची युक्ती बरणीच्या आट्याच्या झाकणासारखी आहे. काचेभोवतीची कडी आणि पाठीचे झाकण मधल्या केसवर आटे फिरवून घट्ट बसतात आणि बाजूची चावीसुद्धा पिळून बंद होते. आट्यांच्या चावीची कल्पना पेरेगो आणि पेरे या दोघा स्विस कारागिरांची होती. विल्सडॉर्फ यांनी तिचे पेटंट विकत घेतले. पाणी न शिरणारी घड्याळे आधीही काहींनी बनवली होती. विल्सडॉर्फ यांचे मोठेपण ती लोकांच्या गळी उतरवण्यात होते.

१९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. लगेच दुसऱ्या एका महिलेचा असाच दावा खोटा निघाला आणि संशय ग्लाइट्झवरही आला. तिने पुन्हा पाण्यात उतरायचे ठरवले, तेव्हा विल्सडॉर्फ यांनी तिच्या गळ्यात ऑयस्टर अडकवले. दहा तासांहून अधिक काळ थंड पाण्यात राहिल्यावर तिला बाहेर काढावे लागले. पोहणे अपुरे राहिले, घड्याळ मात्र चालू होते. सुमारे महिन्याभराने ‘डेली मेल’चे अख्खे पहिले पान रोलेक्सच्या जाहिरातीने भरले.

या युक्तीत एक उणीव होती. घड्याळाला चावी द्यायची तर रोज आटे सोडायचे आणि पुन्हा पिळायचे. आटे झिजले, की पाण्याला वाट मिळते. १९३१ मध्ये हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे वजन घड्याळात आले आणि ही झीज कमी झाली.

युद्धात त्यांची घड्याळे कुणाच्या हातात होती?

दोन्ही बाजूंच्या. फ्लोरेन्सच्या पॅनेराई कंपनीला इटालियन नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळे हवी होती. ४७ मिलिमीटरची भलीमोठी केस आणि आतली मशीन रोलेक्सकडून गेली. अंधारात दिसावी म्हणून तबकडीवर रेडियम लावले. याच दलाच्या सहा जणांनी डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या.

दुसरीकडे, जर्मनांच्या कैदेतील ब्रिटिश सैनिकांना विल्सडॉर्फ नुसत्या शब्दावर घड्याळे पाठवत होते. पैसे युद्ध संपल्यावर द्या, अशी सवलत होती. जन्माने जर्मन, नागरिकत्व ब्रिटिश आणि मुक्काम जिनिव्हाला, त्यामुळे ब्रिटिश गुप्तचरांना त्यांच्या निष्ठेचा संशय होता, हे त्या काळच्या कागदपत्रांतून दिसते. उदारपणा की धंद्याची दूरदृष्टी? दोन्ही असावे.

१९४४ मध्ये पत्नी फ्लोरेन्स वारल्या. मूलबाळ नव्हते. विल्सडॉर्फ यांनी आपली कंपनी स्वतःच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे सोपवली. आजही मालकी त्याचीच आहे. १९४६ मध्ये त्यांनी स्वस्त पण मजबूत घड्याळांसाठी ट्यूडर कंपनी उभी केली. पुढे फ्रेंच नौदलाने आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी ट्यूडरचीच डायव्ह घड्याळे घेतली. १९५३ मध्ये १०० मीटर खोलीसाठीचे ‘सबमरिनर’ आले. २३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्त’ हे यान पॅसिफिकच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटरवर टेकले. त्याच्या बाहेरच्या अंगाला बांधलेले रोलेक्स वर आले तेव्हाही चालत होते. त्याच वर्षी ६ जुलैला विल्सडॉर्फ यांचे जिनिव्हात निधन झाले.

लष्करी घड्याळ दुरुस्त करताना काय पाहतात?

चकाकी नव्हे, हे आधी सांगायला हवे. १९७० च्या दशकात ब्रिटिश नौदलासाठी बनलेल्या सबमरिनरला पट्ट्याच्या पिना केसलाच कायमच्या जोडलेल्या असतात. स्प्रिंगची पिन निसटून घड्याळ समुद्रात पडू नये, म्हणून ही सोय. काटे तलवारीसारखे रुंद, तबकडीवर वर्तुळात ‘टी’ म्हणजे ट्रिटियमची खूण आणि पाठीवर बाणाचे चिन्ह व नौदलाचे क्रमांक. पॉलिशच्या चाकावर हे कोरलेले आकडे पुसट झाले, तर घड्याळाचा पुरावाच गेला. म्हणून जाणता कारागीर केसला हात लावत नाही. मशीन पूर्ण उकलून धुतो, तेल देतो, वायसर नवे घालतो, चावीचे झिजलेले आटे बदलतो आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून मालकाला परत देतो. प्लॅस्टिकच्या जुन्या काचेवरचे ओरखडे मात्र घासून जातात, त्यात काही बिघडत नाही.

आपल्याकडे उलटा प्रकार फार झाला. जुन्या तबकड्या खरवडून, नव्याने रंगवून, भलत्याच काट्यांसह विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे कौतुक नाही.

रेडियमचा धोका किती?

जुनी तबकडी अंधारात चमकत नाही, म्हणजे रेडियम संपले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. संपते ते सोबतचे चमकणारे रसायन. रेडियमचा किरणोत्सार निम्मा व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे लागतात. ट्रिटियमचा निम्मा होतो १२ वर्षांत. बंद घड्याळापेक्षा उघडलेले अधिक घातक, कारण रंगाची सुटलेली पूड श्वासावाटे शरीरात जाते. युद्धकाळातील घड्याळ घरी उघडू नये, फुंकर तर अजिबात मारू नये. उपकरणे, हातमोजे आणि मास्क असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

दुरुस्तीनंतर पाण्यात घालता येते का?

कारागीर हवेच्या दाबावर कोरडी चाचणी करून केस कुठे गळते ते सांगतो. पण पन्नास-साठ वर्षांच्या पोलादाला खाऱ्या पाण्याने आतून खड्डे पाडलेले असतात आणि वायसर तिथे नीट बसत नाही. चाचणीत पास झालेले घड्याळसुद्धा मुळशी धरणात पोहताना काढून ठेवलेले बरे. पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवावे, आणि रेडियमचे असेल तर डबा झोपायच्या खोलीत ठेवू नये.