व्यंकटरामन यांचे बेणे

आषाढ सरत आला, म्हणजे बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक या गावच्या शिवारात आडसाली उसाच्या लागणीची धांदल सुरू होते. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी सऱ्यांतून खेळू लागते. बेण्याच्या मोळ्या बांधावर येऊन पडतात. कोयत्याच्या एकेका घावाने दोन-दोन, तीन-तीन डोळ्यांची टिपरी तोडली जातात आणि ओल्या सरीत पायाने दाबली जातात. पंधरा-वीस दिवसांत त्या डोळ्यांतून हिरवे कोंब डोकावतात.

ज्वारी पेरतात, बाजरी पेरतात, हरभरा पेरतात. पण उसाचे बी पेरताना तुम्ही कोणाला पाहिले आहे काय? उसाची लागण उसाच्याच तुकड्याने होते. एकाच्या रानातील बेणे दुसरा नेतो, त्याच्याकडून तिसरा नेतो. या गावाचे बेणे त्या गावी जाते. मग मनात असा प्रश्न येतो की, हे देणे-घेणे मागे मागे शोधीत गेले, तर अगदी पहिला ऊस आपणांस कोठे सापडेल? आपल्या भागात पुष्कळ वर्षे पिकलेल्या एका नामांकित उसाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर निश्चित देता येते. तो ऊस तामिळनाडूतील कोइमतूर येथे जन्माला आला, आणि त्या कामाचे प्रमुख होते सर टी. एस. व्यंकटरामन.

व्यंकटरामन यांचा जन्म १८८४ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यात झाला. वनस्पतिशास्त्राची त्यांना मनापासून आवड होती. त्यांच्या तरुणपणी आपल्या देशातील उसाची स्थिती मोठी शोचनीय होती. हा देश उसाचे जुने घर. गूळ आणि खडीसाखर येथे शेकडो वर्षांपासून होत असे. तरीही बाजारात परदेशी साखरेचे, विशेषतः जावा बेटाच्या साखरेचे, राज्य होते. दरवर्षी लाखो टन साखर बाहेरून येई आणि तिचे मोल म्हणून देशाचा पैसा बाहेर जाई.

असे का व्हावे? उत्तर हिंदुस्थानात ऊस पिके, तो बोरूसारखा बारीक आणि टणक असे. तो थंडी सोशी, पाण्याचा ताण सोशी. पण त्याला रस थोडा. दक्षिणेतील जाड ऊस रसाळ खरा; आपल्या दख्खनमधील पुंड्या ऊस त्याच जातीचा. परंतु तो नाजूक होता. उत्तरेच्या कडक थंडीत आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागत नसे. एकाजवळ काटकपणा होता, तर दुसऱ्याजवळ गोडवा. हे दोन्ही गुण एकाच उसात आणावयाचे कसे, हा प्रश्न होता.

या कामासाठी १९१२ साली सरकारने कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र काढले. डॉ. बार्बर हे इंग्रज शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते आणि तरुण व्यंकटरामन त्यांचे सहायक. कोइमतूरच निवडण्याचे कारण तेथील हवा. उसाला तुरा येतो. पण पुष्कळ ठिकाणी तो वांझ असतो, त्यात बी धरत नाही. कोइमतूरच्या हवेत मात्र तुरे चांगले फुलतात आणि त्यांत बी भरते.

नदीकाठी वाढणारे, पांढऱ्या तुऱ्यांचे एक रानगवत आहे. उत्तरेत त्याला कांस म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते निव्वळ तण. ना त्यात रस, ना गोडी. पण शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते उसाचे रानटी भावंड होते आणि त्याच्या अंगी कमालीचा चिवटपणा होता. तेव्हा जाड, गोड उसाच्या तुऱ्यावर या रानगवताचे पराग टाकून दोहोंचा संकर करावा, असे ठरले. गोड उसाला गवताची सोयरीक! ही गोष्ट त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असेल, यात नवल नाही.

हे काम मोठ्या चिकाटीचे होते. उसाची फुले अतिशय बारीक असतात आणि ती पहाटेच्या सुमारास उमलतात. त्यांचे बी इतके लहान, की कापसासारख्या तुसांत ते दिसतही नाही. ते कुंड्यांत पेरावयाचे, कोवळी रोपे जपावयाची, मग शेतात लावावयाची. एका आईची लेकरे जशी सारखी नसतात, तशी ही रोपेही सारखी नसत. कोणी उंच, कोणी खुजे. कोणी गोड, कोणी अगदी फिके. हजारो रोपांतून चारदोन निवडावयाची आणि बाकीची टाकून द्यावयाची. निवडलेल्यांचीही वर्षानुवर्षे परीक्षा घ्यावयाची.

या श्रमांना फळ आले. १९१८ साली को २०५ हा संकरित ऊस पंजाबातील लागवडीसाठी बाहेर पडला. ‘को’ हे कोइमतूरच्या नावाचे पहिले अक्षर. तेथील जुन्या काठा उसाहून त्याचे उत्पन्न सुमारे दीडपट भरले. पुढे बार्बर निवृत्त झाले आणि केंद्राची धुरा व्यंकटरामन यांच्याकडे आली.

पण चांगला ऊस कोइमतूरच्या आवारात उभा राहून काय उपयोग? तो शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचला पाहिजे. तेव्हा निवडलेल्या उसांचे बेणे निरनिराळ्या प्रांतांतील संशोधन केंद्रांकडे जाऊ लागले. तेथे त्याची पारख होई, ते वाढविले जाई आणि मग शेतकऱ्यांच्या हाती पडे. उसाच्या टिपऱ्याला लांबचा प्रवास सोसत नाही. कापलेल्या टोकांतून ते सुकते, नाही तर कुजते. म्हणून दूरदेशी टिपरी पाठविताना टोके मेणाने बंद करून ती ओलसर कोळशाच्या भुकटीत बांधण्याची रीत होती. कोइमतूरचे ऊस दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथपर्यंत गेले. को २८१ आणि को २९० यांनी तिकडच्या मळ्यांना हात दिला.

या प्रवासात एक मोठा धोकाही असे. टिपऱ्याबरोबर त्याच्या पोटातील रोगही प्रवास करतो. शिवाय एका जातीच्या उसाचे सारे शेत म्हणजे एकाच रोपाचे तुकडे. एकाला जो रोग बाधतो, तो सर्वांना बाधतो. १९३८ ते १९४० या काळात बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात लाल कूज या रोगाने थैमान घातले. तेथे सर्वत्र पसरलेला को २१३ हा कोइमतूरचाच ऊस. तो उभ्या शेतात वाळून गेला. ज्या बेण्याने शेतकऱ्यांचे घर भरले, त्याच बेण्याच्या शेतांची अशी दैना झाली. यावर उपाय एकच होता : अधिक काटक असे नवे ऊस निर्माण करणे. ते काम कोइमतुरात चालूच राहिले. शास्त्राच्या वाटेवर मुक्काम असतात, शेवट नसतो.

दरम्यान १९३२ साली परदेशी साखरेवरील जकातीने देशी साखरधंद्याला संरक्षण मिळाले. देशात त्यापूर्वी साखरेचे जेमतेम तीसेक कारखाने होते. पाच-सहा वर्षांत त्यांची संख्या शंभरावर गेली. जकातीची भिंत होतीच. पण कारखान्यांच्या चरकांना पुरेसा रसाळ ऊस मिळाला, तो कोइमतूरच्या नव्या जातींमुळे.

आता आपल्या भागाकडे वळू. जावा बेटावरील एका प्रसिद्ध उसाचा आणि को २९० चा संकर करून कोइमतूर येथे को ४१९ निर्माण झाला. ज्या जावाच्या साखरेने आपली बाजारपेठ व्यापली होती, तेथील उसाशीच आपल्या उसाची सोयरीक जमली. दख्खनच्या कालव्यांवर या उसाने पुंड्याची जागा घेतली. नीरेकाठी पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले होते. कोइमतूरच्या उसांची पारख तेथे होऊ लागली. पुढे को ७४० हा ऊस पाडेगावच्या निवडीतून पुढे आला आणि महाराष्ट्रभर पसरला.

व्यंकटरामन यांनी उसाचा ज्वारीशीही संकर करून पाहिला. ज्वारीसारखा लवकर तयार होणारा ऊस मिळावा, ही त्यांची इच्छा होती. ते पीक शेतकऱ्यांच्या शेतात रुजले नाही. पण प्रयत्न करून पाहण्यास ते कचरले नाहीत. १९३७ साली हैदराबाद येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष झाले. त्या मोठ्या सभेत त्यांनी भाषणासाठी जो विषय निवडला, तो होता भारतीय खेडे. आपली विद्या शेवटी कोणासाठी आहे, याचा विसर त्यांना पडला नव्हता. सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ साली ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

आज को ४१९ आणि को ७४० मागे पडले आहेत. त्यांच्या जागी फुले २६५ आणि को ८६०३२ यांसारखे ऊस आले आहेत. यांपैकी को ८६०३२ या कोइमतूरच्या उसाला महाराष्ट्रात ‘नीरा’ हे आपल्या नदीचे नाव मिळाले आहे. बेण्याऐवजी आता पुष्कळ ठिकाणी ट्रेमधील एका डोळ्याची रोपेही लावतात. तरी मूळ गोष्ट बदललेली नाही. शेतातील प्रत्येक ऊस हा कोठे तरी, केव्हा तरी कुंडीत उगवलेल्या एकाच रोपाचा अंश असतो. ते रोप हजारांतून कोणी तरी पारखलेले असते आणि एका हातातून दुसऱ्या हातात देत आपल्यापर्यंत पोहोचविलेले असते.

पुढच्या खेपेस शेजारी तुमच्या घरी बेणे मागावयास आला, तर हे लक्षात असू द्या. व्यंकटरामन यांच्या टिपऱ्याचा प्रवास अजून चालू आहे, आणि त्यातील एक मजल तुमच्या बांधावरून जाते.